वांगी रंगाची भिंत

"आई, आता डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

केतकीनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मला खांद्यांना धरलं आणि माझ्याच घरात मला आंधळी कोशिंबीर खेळवत आत नेलं. औदुंबरचा कीर्तनसप्ताह उरकून मी नुकतीच एसटीतून उतरले होते. कानांत अजून झांज वाजत होती, कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत ओघळला असावा. पण नाकात शिरला तो ताज्या रंगाचा वास.

"हं, उघडा!"

उघडले. आमच्या हॉलची लांबलचक भिंत, जिच्यालगत बसून दर मार्गशीर्षात आम्ही कीर्तन ऐकतो ती, जांभळी झाली होती.

जांभळी तरी कुठली? जांभूळ कसं चकाकतं, जिभेवर रंग ठेवतं. या जांभळ्यात कुणीतरी मूठभर राख कालवली होती. कुरुंदवाडसारख्या कृष्णाकाठच्या गावात जन्म काढलेल्या बाईला अशा रंगाला एकच नाव सुचतं. वांगी. तेही देठ टवटवीत असलेलं नव्हे, बाजारात न खपता टोपलीच्या तळाशी राहिलेलं.

"कसा वाटतो?" केतकीनं विचारलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावरसुद्धा एक वांगी ठिपका होता.

"छान आहे गं," मी म्हटलं. सत्य वदावे या विषयावरचं दोन तासांचं निरूपण मी सकाळीच ऐकून आले होते.

केतकी माझी सून. श्रीरंगची बायको. आमचे हे गेले तेव्हा दोघं पुण्याचा संसार आवरून माझ्यासाठी इथं आली. श्रीरंगनं बँकेतून जयसिंगपूरची शाखा मागून घेतली, केतकी माजघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून तिचं ऑफिस करायची. पोरगी गुणाची, पण वर्षभर या घरात अगदी पाहुण्यासारखी वावरली. "आई, हे पातेलं घेऊ का?" "आई, पडदा सारला तर चालेल?" स्वतःच्या मनानं तिनं या घरात केलेली पहिली गोष्ट म्हणजे ही भिंत. ते कळत होतं म्हणून तर तोंडातून 'छान' निघालं.

पण हाताला कोण सांगणार? तो आपसूक भिंतीवरून फिरत फिरत खिडकीच्या डाव्या अंगाला गेला, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर थांबला. गुळगुळीत लागलं.

"तिथं खास खरवडून घेतलंय," केतकी उत्साहानं म्हणाली. "पुट्टी भरली, वर प्रायमर. आता काही दिसत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी समोरच्या बिरनाळेकाकू कढीलिंबाच्या निमित्तानं आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई, ह्ये काय केलासा ओ वहिनी? भिंत हाय का भरलं वांगं?"

"केतकीनं केलंय. हल्ली असाच रंग देतात."

"देत असतील बाई पुण्याकडं." त्यांनी लांबून, डोळे बारीक करून पाहिलं. "मसाला तेवढा भरायचा राहिलाय बघा."

मी हसले नाही. हसायला पाहिजे होतं, कारण मागं केतकी चहा घेऊन उभी होती. तिनं कप ठेवला आणि आत गेली.

त्यानंतर मी जे करायला नको तेच करत राहिले. तोंडानं चकार शब्द काढला नाही, पण जेवायला बसताना भिंतीकडं पाठ करून बसायला लागले. जपाची माळ घेऊन परसातल्या पायरीवर बसायला लागले. वाटायचं, कुणाला कळणार आहे?

एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून केतकीचा आवाज आला.

"नाही आवडलेलं त्यांना. त्या बोलत नाहीत, पण मला डोळे आहेत रे."

"मग परत पांढरा देऊन टाकू," श्रीरंग म्हणाला.

"तो प्रश्नच नाही. एक भिंत रंगवली तर मी घरात घुसखोरी केल्यासारखं वाटतंय मला. बँकेजवळचा तो फ्लॅट बघून ये. आपण तिकडं राहू, रविवारी येत जाऊ. रविवारी आलेली सून सगळ्यांनाच आवडते."

श्रीरंग म्हणाला, "कीर्तन होऊ दे. मग बघतो."

माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. म्हणजे आता सरळ हिशेब होता. भिंतीविषयी तोंड उघडलं तर सून जाणार. नाही उघडलं, तर मला त्या वांग्यापुढं कीर्तन ऐकावं लागणार, तेही हे गेल्यानंतरचं पहिलंच. आणि ते माझ्यानं होणार नव्हतं, का होणार नव्हतं ते मी कुणाला सांगूही शकत नव्हते.

तेव्हा मला बुवा आठवले.

वासुदेवबुवा फळणीकर आमच्याकडे दरसाल कीर्तनाला येत. आदल्या दिवशी मुक्कामाला, दत्तजयंतीच्या आधीच्या गुरुवारी कीर्तन, असा शिरस्ता. कीर्तन ऐकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बुवा गादीवर उभे राहिले की ते आपले वासुदेवबुवा उरत नाहीत, ती नारदाची गादी. वयानं मोठ्यांनीसुद्धा त्यांच्या पाया पडायचं, बोललेलं शिरसावंद्य मानायचं, उलट उत्तर करायचं नाही. मी मनाशी योजलं, बुवांनी गादीवरून भपक्याविरुद्ध, रंगरंगोटीविरुद्ध चार शब्द बोलावेत. मग भिंत पांढरी होईल ती देवाच्या शब्दानं. सासू नामानिराळी, सून घरातच. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. देवाला मध्यस्थ घालून कारस्थान करण्याइतकी मी आजवरच्या कीर्तनांतून तयार झाले होते.

बुवा आले. जेवायला बसले. मी वाढत होते. केतकी आत कॉम्प्युटरवर होती.

"माई, हॉलचं रूप पालटलं की," बुवा म्हणाले.

मी संधी सोडली नाही. आवाज उतरवून म्हटलं, "त्यावरूनच सांगायचं होतं. उद्या पूर्वरंगात साधेपणावर थोडं बोलाल का? भपका कसा व्यर्थ, वगैरे. भिंतीचं नाव नको. पण ऐकणाऱ्याला कळावं."

बुवांनी घास हातातच ठेवला. "म्हणजे नारदाच्या गादीवरून मी सासूचा निरोप सुनेला पोचवायचा?"

"तसं नाही हो..."

"अगदी तसंच आहे. पण राहू दे. मला एक सांगा, आमचे अप्पा कुठं टेकून बसायचे? खिडकीच्या या बाजूला की त्या?"

बुवा आमच्या ह्यांना अप्पा म्हणत. मी हातातल्या पळीनं जागा दाखवली. पळीतलं ताक जमिनीवर सांडलं.

बुवांनी बराच वेळ तिकडं पाहिलं.

आता सांगायलाच हवं. आमच्या ह्यांना कीर्तनाची गोडी नव्हती. माझ्या आनंदासाठी ते कीर्तन ठरवत, सतरंज्या घालत, हार आणत, आणि बुवांनी नमन सुरू केलं की त्या भिंतीला डोकं टेकून झोपत. डोक्याला माक्याचं तेल चोपडायची सवय. तेवढ्या जागी भिंतीवर तेलाचा तपकिरी, गोल डाग पडला होता, परातीएवढा. कीर्तनापासून सुरू झालेली ती बैठक पुढं रोजचीच झाली. पेपर तिथं, चहा तिथं, डुलकी तिथं. मी रोज म्हणायची, "अहो, डोकं टेकू नका, भिंत खराब होते." ते डोळे न उघडता म्हणायचे, "झोपलो नाही, ऐकतोय." मी टॉवेल टांगून पाहिला, चुना फासून पाहिला, आलेल्यागेलेल्यापुढं त्यांची नालस्ती केली. डाग वर यायचाच.

"माझ्यादेखत तुम्ही त्या डागावरून त्यांना फैलावर घेतलंय," बुवा म्हणाले.

"घेतलंय."

"मग आता गेला की डाग. मनासारखं झालं."

मी त्यांच्या वाटीत ताक ओतलं. ती वाटी भरलेलीच होती.

"बरं," बुवा हात धुवायला उठता उठता म्हणाले. "साधेपणावर बोलतो. यजमानिणीची आज्ञा."

गुरुवारी दुपारपासून लोक जमायला लागले. माझी नुसती धांदल. समई, हार, बुक्क्याची वाटी, पेटीवाल्याला चहा, तबलजीला पाट. स्वतःचं आवरायला कसाबसा वेळ मिळाला. मधल्या अंधाऱ्या खोलीत ट्रंक उघडली आणि सवयीनं तीच साडी काढली. माझी एक कीर्तनाची साडी होती. गर्भरेशमी इरकल, ह्यांनी कधीकाळी बेळगावहून आणलेली. आणली तेव्हाच मी नाक मुरडलं होतं. पण कीर्तनात बुक्क्याची वाटी फिरवायचं काम माझं. हात पदराला पुसले जातात, समईचं तेल सांडतं. त्या साडीवर काही म्हणजे काही दिसत नसे. म्हणून दर कीर्तनाला तीच. दुखवट्याचं वर्ष असल्यानं बऱ्याच दिवसांत तिची घडी मोडली नव्हती. चेहरासुद्धा आरशात न बघता ती गुंडाळली आणि बाहेर आले.

हॉल भरला होता. फक्त खिडकीच्या डावीकडची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकांत जाऊन बसणार होते, पण पाय तिकडंच वळले. मी जाऊन ह्यांच्या जागी बसले, भिंतीला पाठ लावून.

बुवांनी नमन घेतलं. आवाज थोडा थकला होता, पण झांज तीच. भिंत पाठीशी असल्यामुळं मला दिसत नव्हती. तेवढं एक बरं होतं. निरूपणाला सुरुवात झाली.

"मंडळी, आज साधेपणावर बोलायची आज्ञा आहे," बुवा म्हणाले. दारापाशी उभ्या केतकीकडं मी चोरून पाहिलं. "माणसानं भपका टाळावा. घर साधं, वस्त्र साधं. आता हे सांगताना समोर आमचे अप्पा असते तर त्यांनी घोरून मला पावती दिली असती."

लोक हसले. मीसुद्धा हसले, डोळ्यांना पदर लावून.

"अप्पांच्या जागी आज माई बसल्यात, असं मला पेटीवाले म्हणाले. पण माई..." बुवांनी कपाळावर हात आडवा धरला, इकडंतिकडं शोधल्यासारखं केलं. "माई, तुम्ही आहात कुठं?"

"ही काय, इथं," मी गोंधळून म्हटलं.

"आवाज येतोय. चेहराही दिसतोय एक. पण खालची माई कुठं गेली? मला तर भिंतीलाच डोकं फुटल्यासारखं दिसतंय!"

सगळा हॉल वळून माझ्याकडं बघायला लागला. क्षणभर कुणाला कळेना. मग पहिल्यांदा फुटल्या बिरनाळेकाकू. "अगं बया! साडी न् भिंत एकच की गं!" आणि जो हशा पिकला, तबलजीनं त्यावर एक तुकडासुद्धा वाजवून घेतला.

मी मान खाली घातली. पदर हातात धरला. मान वळवून भिंत पाहिली. पुन्हा पदर पाहिला. बेळगावहून आली तेव्हा साडी चांगली भडक जांभळी होती. दर कीर्तनानंतर धुऊन, उन्हात वाळून, त्यात बुक्का मुरून तिचा जो रंग झाला होता, तोच, अगदी तोच राखेतला जांभळा माझ्या पाठीमागं भिंतभर पसरला होता. असा रंग योगायोगानं लागत नाही. मी केतकीकडं पाहिलं. ती खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

बुवांनी झांज वाजवून हशा थांबवला.

"हसू नका. माईंनी मला साधेपणा सांग म्हटलं, आणि उदाहरण स्वतःच होऊन बसल्या. ज्या घरात यजमानीण कुठली आणि भिंत कुठली हे ओळखू येत नाही, तिथं मीपणा किती राहिला असेल? आणि असं घर ज्या कुणी हातानं रंगवलं, तिला माई, उत्तररंगाआधी पहिला बुक्का तुम्ही लावा."

गादीवरून आलेला शब्द. उलट बोलायची सोय नाही. माझं कारस्थान फिरून माझ्याच गळ्यात हार होऊन पडलं होतं. मी उठले, बुक्क्याची वाटी घेतली आणि सगळ्या गावादेखत सुनेच्या कपाळाला बोट टेकवलं. थोडा बुक्का तिच्या नाकावर सांडला. नेमका त्या दिवशी रंगाचा ठिपका होता तिथं.

दिवेलागणीला लोक पांगले. बुवा बाहेर ओट्यावर बसले होते. मी स्वयंपाकघरात गेले. केतकी प्रसादाची ताटं आवरत होती.

"साडी कुठून मिळाली तुला?"

"साडी नाही घेतली, आई. तिच्यावरचा जुना ब्लाउज तुमच्या ट्रंकेत होता. जयसिंगपूरला दुकानात मशीन आहे, कापड ठेवलं की रंग जुळवून देतात." ती जरा थांबली. "विचारलं नाही म्हणून चुकलं. पण विचारलं असतं तर गंमत गेली असती. आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं."

"कुणी?"

"बाबांनी. दवाखान्यात असताना. म्हणाले, माझ्यापाठी हिला ती भिंत एकदा नीट रंगवून द्या. जन्मभर त्या डागावरून बोलली बिचारी. मी विचारलं, रंग कुठला देऊ? तर म्हणाले, तिची कीर्तनाची साडी आहे ना, तोच. तिच्या आवडीचा आहे. मी आणलेली दुसरी कुठली साडी तिनं इतक्या वेळा नेसली नाही."

हा माणूस आयुष्यभर कीर्तनात झोपला, असं मी समजत होते. मी कुठल्या कीर्तनाला काय नेसले, हे त्याला मिटल्या डोळ्यांनी माहीत होतं. फक्त का नेसले तेवढं माहीत नव्हतं, आणि ते सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

"आवडीची आहे ना, आई?" केतकीनं विचारलं. तिचा चेहरा पुन्हा त्या पहिल्या दिवशीसारखा झाला होता.

"हो तर," मी म्हटलं. त्या महिन्यातलं माझं दुसरं खोटं. म्हणजे, बोलताना तरी ते खोटं आहे असं मला वाटत होतं.

"मग तुम्ही भिंतीकडं पाठ करून का जेवत होता?"

पोरीला खरंच डोळे होते. मी थोडा वेळ ताटातले शेंगदाणे वेचले.

"त्या डागासाठी," मी म्हटलं.

केतकीला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि तोंडावर हात घेतला. "अगं बाई. आणि मी तो खरवडून..."

"तू नाही. मीच खरवडत होते, बाई, रोज. तू फक्त काम पुरं केलंस." ती रडायच्या बेतात आली, तशी मी घाईनं म्हटलं, "आणि काय गं, एकच भिंत रंगवलीस ती? बाकीच्या तीन पांढऱ्या भगभगीत तशाच? अर्धवट कामाची सवय मला चालायची नाही. उद्याच्या उद्या रंगवाल्याला बोलाव."

"खरंच?"

"आणि श्रीरंगला म्हणावं, बँकेजवळचा फ्लॅट बघायला जाणार असशील तर रविवारी जा. रविवारी न दिसलेला मुलगा सगळ्यांनाच आवडतो."

ती डोळे विस्फारून माझ्याकडं बघत राहिली, मग खिडकीकडं, खिडकीबाहेरच्या तुळशीकडं. आणि एकदम खो खो हसत सुटली. ओट्यावरून बुवांनी विचारलं, "काय झालं हो आत? भपका वाढला का?"

पुढच्या आठवड्यात चारही भिंती वांगी झाल्या. बिरनाळेकाकू आल्या, मधोमध उभ्या राहून गोल फिरल्या आणि म्हणाल्या, "आता कसं, मसाल्यात आल्यागत वाटतंय." मी त्यांना कढीलिंब दिला नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं लोटली. मध्ये कृष्णामाई घरात येऊन गेली, गुडघाभर पाण्यानं भिंतींचे पोपडे निघाले. केतकी म्हणाली, "आई, आता दुसरा एखादा उजळ रंग देऊया का? मलाच कंटाळा आलाय." मी ट्रंकेतून तो ब्लाउज काढून तिच्या हातात ठेवला. ती पिशवी घेऊन जयसिंगपूरला गेली.

वासुदेवबुवा आता नाहीत. त्यांचे शिष्य येतात, तरुण आहेत, आवाज खणखणीत. यंदाच्या कीर्तनाला मी खिडकीच्या डावीकडं बसले होते. गुडघे धरतात, मान दुखते. भिंतीला डोकं टेकलं की बरं वाटतं. आख्यान रंगात आलं होतं. डोळे मिटले होते. तेवढ्यात कानाशी कुणीतरी वाकलं.

"आई," केतकी कुजबुजली, "डोकं टेकू नका ना. आत्ताच रंगवलीय, तेलाचा डाग पडतो तिथं. झोप येत असेल तर आत अंथरूण घालते."

मी डोळे उघडले नाहीत.

"झोपले नाही गं," मी म्हटलं. "ऐकतेय."